तागाचं पोतं आणि तागाचं शेत

जून-जुलैत दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातून गेलात, तर द्राक्षबागेच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात एक सरळसोट, पोपटी-हिरवं पीक दाटीनं उभं दिसतं. हे काय पेरलंय म्हणून विचारलं की एका शब्दात उत्तर येतं, ताग. त्याच संध्याकाळी नाशकात रविवार कारंजाच्या बाजूला सुतळी घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, "प्लास्टिकची देऊ का तागाची?" आणि घरी पोराच्या भूगोलाच्या वहीत लिहिलेलं असतं की ताग पश्चिम बंगालमध्ये पिकतो, त्याच्या गिरण्या हुगळी नदीच्या काठी आहेत.

ताग बंगालमध्ये पिकतो तर मग आपल्या बागेत काय उभं आहे, असं त्या पोरानं विचारलं तर प्रश्न अगदी रास्त आहे. बागेतला ताग आणि सुतळीतला ताग ही दोन वेगळी झाडं आहेत. एकमेकांच्या नात्यातलीसुद्धा नाहीत. बागेतल्या तागाला बोरू किंवा सन असंही म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव क्रोटालेरिया जुन्सिया, आणि तो हरभरा, तूर, मूग यांच्या कुळातला, म्हणजे शेंगवर्गीय. सुतळीतला आणि पोत्यातला ताग म्हणजे ज्यूट. कॉर्कोरस कॅप्सुलॅरिस आणि कॉर्कोरस ऑलिटोरियस अशा त्याच्या दोन जाती लागवडीत आहेत आणि त्यांचं कूळ भेंडीचं, जास्वंदीचं. दोन्ही झाडांच्या सालीत लांब तंतू असतो, दोन्हींचे दोर वळतात, दोन्हींची पोती विणता येतात. सारखेपणा इथं संपतो.

या लेखात पुढे 'ताग' म्हणजे बोरू, आणि बंगालच्या पिकाला 'ज्यूट' असंच म्हटलं आहे. बाजारात आणि पाठ्यपुस्तकात हा भेद पाळला जात नाही, म्हणून तो आपणच पाळायचा.

हातात घेऊन ओळखायचं कसं

सुरुवात बियांपासून करू. तागाचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, काळपट राखाडी, गुळगुळीत असतं. एका ग्रॅममध्ये साधारण २० ते ३० दाणे बसतात. ज्यूटचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये ३०० ते ५०० दाणे मावतात. कॅप्सुलॅरिसचं बी चॉकलेटी आणि जरा मोठं, ऑलिटोरियसचं आणखी बारीक आणि निळसर-राखाडी. त्यामुळे हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवं पीक जमिनीत गाडून खत करण्यासाठी, तागाचं बी एकरी २० ते २५ किलो लागतं, तर ज्यूटचं दोन-चार किलोंत काम भागतं. बियाण्याची पिशवी उघडून तळहातावर चिमूटभर घेतलं तरी शंका उरत नाही.

पान बघा. तागाचं पान साधं, लांबट, अरुंद, कडा सरळ, आणि बोटानं चाचपलं तर रेशमी लव हाताला लागते. ज्यूटच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, आणि देठाजवळच्या शेवटच्या दोन दात्यांना केसासारख्या बारीक शेपट्या फुटलेल्या असतात. ही शेपटीची खूण एकदा डोळ्यांत बसली की ज्यूट कुठंही ओळखता येतो. फुलं दोन्हींची पिवळीच, पण तागाचं फूल वाटाण्याच्या फुलासारखं, मोठं, तुऱ्यात लागणारं. ज्यूटचं लहान, पाच पाकळ्यांचं, पानाच्या बेचक्यात लपलेलं. तागाला फुगीर शेंग येते आणि ती वाळली की आतलं बी खुळखुळ वाजतं. आपल्या माळावर याच्या रानटी भावंडांना घागरी, खुळखुळा अशी नावं आहेत ती यामुळेच. क्रोटालेरिया हे नावही खुळखुळ्यासारख्या वाद्याच्या ग्रीक नावावरूनच आलं आहे.

आता मुळाशी या. ३० दिवसांचं तागाचं झाड ओल्या जमिनीतून अलगद उपटा, माती पाण्यात धुवून काढा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठीतले रायझोबियम जीवाणू हवेतलं नत्र पकडण्याचं काम करताहेत. आत पांढरं किंवा हिरवट दिसलं तर गाठ झोपलेली आहे किंवा मेलेली आहे. ज्यूटच्या मुळावर अशी गाठ कधीच मिळणार नाही, कारण तो शेंगवर्गीय नाही. या एका फरकावर शेतकऱ्याचा सगळा हिशेब उभा आहे. ताग जमिनीला नत्र देतो. ज्यूट, गहू किंवा मका यांच्यासारखाच, जमिनीतून नत्र घेतो.

खाण्याच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. ज्यूटची कोवळी पानं बंगालमध्ये भाजी म्हणून खातात, इजिप्तमध्ये त्याचीच मुलूखिया करतात. तागाच्या बियांमध्ये यकृताला घातक अल्कलॉइडं असतात. शेंगा धरलेला ताग जनावरांपुढे टाकू नये आणि तागाचं बी पेंडीत, धान्यात मिसळू देऊ नये.

तंतू कुठं असतो आणि कशात फरक पडतो

येवल्याच्या पैठणीचं रेशीम किड्याच्या लाळेतून येतं, मालेगावच्या मागांवरचं सूत कापसाच्या बोंडातून. ताग आणि ज्यूट या दोघांचाही तंतू खोडातून येतो. खोड आडवं कापलं तर मध्ये पोकळ किंवा मऊ गाभा, त्याभोवती लाकूड, आणि सगळ्यात बाहेर साल. सालीच्या आतल्या, लाकडाला लागून असलेल्या पट्ट्यात तंतूंचे जुडगे उभे असतात, झाडाला ताठ ठेवण्यासाठी. सालीतले हे जुडगे लाकडापासून सोडवून घ्यायचे, एवढंच दोर वळणाऱ्याचं मूळ काम. सोडवलेल्या अशा तंतूला आपल्याकडे वाख म्हणतात. वाख तागाचा असतो, अंबाडीचा असतो, घायपाताचाही असतो. म्हणजे वाख हा मालाचा शब्द आहे आणि ताग हा झाडाचा. जुनी माणसं हा भेद बिनचूक पाळत.

दोन तंतूंमधला मोठा फरक लिग्निनचा आहे. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. ज्यूटमध्ये तो साधारण १२ टक्के असतो, तागात त्याहून बराच कमी. म्हणून तागाचा वाख पांढुरका आणि ज्यूट सोनेरी-तपकिरी. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की पिवळं पडतं, तसंच ज्यूटही उन्हात पिवळट-तपकिरी होत जातं. दोन्हीकडे कारण लिग्निनच. दुसरा फरक तंतूच्या आतल्या पेशींचा. आपल्याला हातात लांबलचक दिसणारा ज्यूटचा धागा प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटरच्या पेशी एकमेकींना चिकटून झालेला असतो. तागाच्या पेशी याच्या साधारण तिप्पट लांब. पेशी जितकी आखूड तितके सांधे जास्त, आणि पाण्यात राहिलं की आधी सांधे सुटतात. त्यामुळे ज्यूटची सुतळी ओली होऊन पडून राहिली तर लवकर कुजते, तुटते. तागाचा दोर पाण्यात जास्त टिकतो, म्हणून मासेमारीची जाळी आणि नावेचे दोर यांसाठी तो पूर्वीपासून वापरात होता.

ज्यूट पाणी शोषतोही भरपूर. कापड व्यवहारात त्याचं प्रमाणित आर्द्रताशोषण १३.७५ टक्के धरतात, कापसाचं ८.५ टक्के. धान्याच्या सरकारी खरेदीत ५० किलोचं जे ज्यूटचं पोतं वापरतात, त्याचं वजन ५८० ग्रॅम असतं. वरच्या टक्केवारीनं हिशेब केला तर कोरड्या दिसणाऱ्या त्या पोत्यात ७० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, आणि पावसाळी हवेत आणखी वाढतं. बाजार समितीत बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करताना भिजलेली आणि कोरडी पोती एकाच आकड्यानं वजा केली, तर कुणाचं तरी नुकसान होतं. शंभर पोत्यांच्या मालात प्रत्येकी १०० ग्रॅमचा फरक म्हणजे १० किलो.

हाच शोषणाचा गुण बांधकामावर कामी येतो. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवतात, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि सिमेंटला सावकाश देत राहतं. द्राक्षाच्या नव्या लागवडीत कोवळी फूट बांबूला बांधायलाही ज्यूटची सुतळीच बरी. ती पावसात काही महिन्यांत कुजून गळून पडते, म्हणून खोड जाड होतं तेव्हा गळ्याला फास बसत नाही. प्लास्टिकची दोरी कुजत नाही आणि कापायची राहून गेली की सालीत रुतून वेल तिथं चिमटते. टिकाऊपणा कमी असणं इथं उपयोगाचं ठरतं.

नव्या ज्यूटच्या पोत्याला रॉकेलसारखा वास येतो, तो झाडाचा नाही. लिग्निनमुळे ज्यूट कडक आणि ठिसूळ असतं, यंत्रावर कातताना तुटतं, म्हणून गिरणीत आधी त्यावर तेल आणि पाण्याचं मिश्रण मारून मऊ करतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डंडी गावात हे काम व्हेल माशाच्या तेलानं होत असे, पुढे खनिज तेल आलं. खाण्याच्या वस्तूंसाठी वनस्पती तेलानं प्रक्रिया केलेली वेगळी पोती मिळतात. बेदाणा, मसाले, भाजके दाणे असा वास ओढून घेणारा माल ज्यूटच्या पोत्यात भरायचा असेल, तर ही खाद्यप्रतीची पोती मागून घ्यावीत किंवा आत अस्तर लावावं.

वाख काढताना

तागाचा वाख काढायचा तर पीक ९० ते १२० दिवसांचं होऊ द्यावं लागतं. कापणीनंतर तीन-चार दिवस शेतातच ठेवायचं, पानं गळून पडतात. मग वीतभर जाडीच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवायच्या. बुडखा जाड असतो, तो कुजायला जास्त वेळ लागतो, म्हणून पेंढ्या आधी एक-दोन दिवस बुडखा पाण्यात ठेवून उभ्या करतात आणि मग आडव्या घालतात. वर दगड ठेवतात. माती किंवा केळीची खोडं ठेवली तर तंतू काळा पडतो. पाण्यातले जीवाणू साल आणि लाकूड यांच्यामधला चिकट पदार्थ, म्हणजे पेक्टिन, खातात आणि तंतू सुटा होतो.

पाणी कोमट असेल, २७ ते ३० अंशांच्या आसपास, तर ताग चार ते सात दिवसांत तयार होतो. ज्यूटला दोन ते तीन आठवडे लागतात. तयार झाला की नाही, हे दिवस मोजून कळत नाही, हातानं बघावं लागतं. पेंढीतून मधलीच एक काडी काढायची, मधोमध मोडायची आणि तंतू ओढायचा. काडीवरून तो मोज्यासारखा सरकन निघून आला तर झालं. अडला, सालीचे तुकडे चिकटून आले, तर आणखी एक दिवस. या टप्प्यावर दिवसातून दोनदा तपासावं लागतं, कारण पेक्टिन संपलं की जीवाणू तंतूच्या सांध्यांकडे वळतात. मग तंतू निस्तेज होतो आणि ओढला की कापसासारखा तुटतो. कमी कुजलेला माल पुन्हा पाण्यात टाकता येतो, जास्त कुजलेला परत येत नाही. कुजवलेलं पाणी काळं आणि दुर्गंधीचं होतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून हे काम विहिरीत, पिण्याच्या तळ्यात किंवा वाहत्या नदीत करू नये.

ज्यूट आपल्याकडे का पिकत नाही, याचं उत्तर इथंच आहे. त्याला वाढताना भरपूर पाऊस लागतो, १५०० मिलिमीटरच्या आसपास, दमट उबदार हवा लागते, आणि कापणीच्या वेळी कुजवायला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशात हे तिन्ही एकत्र मिळतं. येवला-निफाडकडे पाऊस त्याच्या निम्माही पडत नाही. ज्यूटच्या जातीतलं झाड मात्र आपल्याकडे अजिबात अनोळखी नाही. पावसाळ्यात शेतात उगवणारं चुंच नावाचं तण याच कॉर्कोरस वंशातलं आहे. पुढच्या वेळी खुरपताना त्याच्या पानाच्या बुडाशी शेपट्या दिसतात का, ते बघा.

एकच झाड, वयानुसार दोन माल

नाशिक जिल्ह्यात ताग वाखासाठी क्वचितच कुणी पेरतं. तो पेरला जातो जमिनीत गाडण्यासाठी. आणि इथं तंतूच आडवा येतो, म्हणून खत करणाऱ्यालाही तंतूची समज हवी.

ताग ४५ ते ५० दिवसांचा असताना खोड कोवळं, रसाळ असतं. पहिल्या कळ्या दिसू लागतात, फुलं नुकती उमलू लागतात. गाडण्याची वेळ हीच. चांगलं पीक या वयात एकरी ६ ते ८ टन हिरवा माल देतं आणि त्यातून २५ ते ३५ किलो नत्र जमिनीत जातं. अजून वाढू द्या, वजन आणखी मिळेल, असं वाटतं, आणि चूक तिथंच होते. ५० दिवसांनंतर खोडातल्या तंतूंच्या भिंती जाड होत जातात, लाकूड पक्कं होतं. वजन वाढतं ते कर्बाचं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण २५-३० ला १ याच्या पुढे गेलं की कुजवणाऱ्या जीवाणूंना त्या मालातलं नत्र पुरत नाही आणि ते जमिनीतलं उचलतात. मग वर लावलेला कांदा किंवा भाजीपाला पहिले काही आठवडे पिवळा पडतो, आणि दोष रोपांना, पाण्याला, रोगाला दिला जातो. नव्वद दिवसांचा ताग हा वाखाचा माल आहे, खताचा नव्हे.

उशीर झाल्याची दुसरी खूण यंत्रावर दिसते. पक्का ताग तसाच उभा ठेवून त्यात रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती कापणारं अवजार, घातला तर वाख पात्यांच्या दांड्याला गुंडाळला जातो. दहा-वीस फुटांतच दोराची गुंडाळी तयार होते, पाती फिरतात पण माती कापत नाहीत, ट्रॅक्टरवर ताण येतो आणि बेअरिंगमध्ये तंतू शिरून सील खराब होतं. अशा वेळी ट्रॅक्टर पूर्ण बंद करून, पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) सोडवून मगच कोयत्यानं गुंडाळी कापावी. चालू यंत्राजवळ हात नेऊन ओढायला गेलं तर तो वाख हातालाच गुंडाळतो. मुळात हे टाळायचं तर आधी पाटा किंवा जड फळी फिरवून पीक एका दिशेला आडवं पाडायचं आणि पलटी नांगर त्याच दिशेनं चालवायचा, म्हणजे खोडं तासात नीट झाकली जातात. मल्चर मिळत असेल तर त्यानं आधी तुकडे करून मग रोटाव्हेटर घालावा.

पेरणीच्या वेळी दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. एक, जीवाणूसंवर्धन, म्हणजे गाठी करणारे जीवाणू बियांना चोळणं. ज्या रानात कधीच ताग, चवळी, मूग झालेला नाही, तिथं या पिकाचे रायझोबियम पुरेसे नसतात. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळून, सावलीत सुकवून लगेच पेरावं. उन्हात वाळवलं तर जीवाणू मरतात. दुसरी गोष्ट म्हणजे युरिया. ताग लवकर वाढावा म्हणून युरिया टाकला तर त्याला आयतं नत्र मिळतं आणि तो गाठी कमी धरतो. स्फुरद मात्र द्यावं, गाठींना ते लागतं.

गाडल्यावर ओल हवी. पाऊस नसेल तर हलकं पाणी द्यावं आणि पुढची लागवड किमान १५ ते २० दिवस थांबवावी. हिरवा माल कुजताना सुरुवातीला बुरशी जोरात असते. घाईनं रोपं लावली तर मुळं आणि बुडखे सडतात. मूठभर माती उकरून वास घ्या. सडका, आंबट वास येत असेल तर आणखी थांबा. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला आणि खोडाचे तुकडे बोटांत चुरगळले की जमीन तयार आहे.

उभ्या द्राक्षबागेत खोल नांगरट करता येत नाही, वेलींची पांढरी मुळं तुटतात. तिथं ताग ओळींमध्ये वाढवून, फुलावर येण्याआधी कापून, वेलीच्या बोदावर (बुडाशी केलेल्या मातीच्या उंचवट्यावर) आच्छादन म्हणून पसरवतात. बागेत तो कमरेच्या वर जाऊ देऊ नये. मांडवाखाली हवा खेळायची थांबली तर पावसाळी दमटपणात केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांना घरच मिळतं. सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीचा, त्रास असलेल्या बागांना तागाचा आणखी एक फायदा आहे. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी तागाच्या मुळांवर नीट वाढत नाही, त्यामुळे तिची संख्या घटते. सूत्रकृमीची गाठ आणि रायझोबियमची गाठ यांत गफलत करू नका. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, नखानं सहज निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी निघत नाही.

गोदाकाठच्या चोपण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ताग पेरू नये. त्याला साचलेलं पाणी सोसत नाही, आठवड्यात पिवळा पडून मरतो. तिथं धैंचा हे हिरवळीच्या खताचं दुसरं पीक घ्यावं. धैंचाला क्षार आणि पाणी दोन्ही चालतात. दुकानात ही दोन बियाणी शेजारी-शेजारी असतात आणि एकाऐवजी दुसरं सर्रास दिलं जातं. धैंचाचं बी लहान, लांबट, हिरवट-तपकिरी असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एका शब्दाखाली दोन झाडं आली कशी

आपल्याकडे मुळात होता तो शण. संस्कृतातला हा शब्द, त्याचा सन झाला. मनुस्मृतीत क्षत्रियाचं यज्ञोपवीत शणाच्या सुताचं असावं असं सांगितलं आहे. गोणी हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत आहे, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं तो टिकून आहे, आणि इंग्रजीतल्या 'गनी बॅग'मधला गनी ही आपलीच गोणी. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर ज्या गोण्या लादून घाटावरून धान्य आणि मीठ नेत, त्या ज्यूटच्या गिरण्या निघायच्या कितीतरी आधीच्या. देशावर त्या काळात हाताशी होता तो बोरूचा आणि अंबाडीचा वाख.

कलकत्त्याजवळ रिश्रा इथं १८५५ मध्ये पहिली ज्यूट गिरणी सुरू झाली. यंत्रावर विणलेली स्वस्त पोती देशभर गेली. गोणीचं कापड बदललं, गोणी हे नाव तेच राहिलं. 'तागाची गोणी' म्हणायची सवयही तशीच राहिली असावी आणि ताग हे नाव बंगालच्या झाडालाही चिकटलं. पुढे मराठी भूगोलाच्या पुस्तकांनी ज्यूटसाठी ताग हाच शब्द घेतला, आणि शेतीच्या पुस्तकांनी हिरवळीच्या खतासाठी तोच शब्द आधीपासून ठेवलेला होता. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फक्त एकमेकींशी बोललेली नाहीत. हिंदीत पटसन आणि सनई असे दोन शब्द निराळे राहिले, त्यामुळे तिथं हा घोळ कमी आहे. ज्यूट हा शब्द बंगाली-ओडियातल्या झूट, झोट यांवरून आला आणि त्यांच्या मागे जटा आहे. ओल्या ज्यूटची लड वाळत घातलेली पाहिली तर जटाच आठवतात.

फाळणीनं आणखी एक नाव या यादीत आणलं. १९४७ साली गिरण्या भारतात राहिल्या आणि ज्यूटची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली. तूट भरून काढायला अंबाडीची लागवड वाढवली गेली, तिला व्यापारात मेस्ता म्हणतात. म्हणून सरकारी तक्त्यांत आजही ज्यूट आणि मेस्ता एकत्र मोजतात, १८० किलोची एक गाठ धरून. कापसाची गाठ १७० किलोची असते. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अंबाडीला इंग्रजीत दख्खनचा किंवा मुंबईचा हेम्प म्हणत, तागाला सन हेम्प म्हणतात, आणि आता दुकानात 'हेम्पचा शर्ट' म्हणून जो मिळतो तो भांगेच्या झाडाचा. ज्यूट धरून चार झाडं, चार कामं. भाषांतर करताना हेम्प दिसला की ताग लिहून मोकळं होऊ नये.

काथ्या आणि सुंभ या घोळापासून दूर आहेत. काथ्या नारळाच्या सोडणाचा, म्हणजे फळाचा. सुंभ त्याचाच वळलेला दोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण नारळाची आहे, तागाची नाही.

घेताना काय विचारायचं

दोरी जाळून बघायचा उपाय सगळे सांगतात. त्यानं प्लास्टिक ओळखू येतं, कारण ते वितळून गोळा होतं. ताग आणि ज्यूट दोन्ही कागदासारखे जळतात आणि राखच उरते, त्यामुळे त्यांच्यातला फरक जाळून कळत नाही. पांढुरका, गार लागणारा आणि तेलाचा वास नसलेला वाख तागाचा असण्याची शक्यता जास्त. सोनेरी, खरखरीत आणि तेलकट वासाची सुतळी ज्यूटचीच. आज बाजारात 'तागाची' म्हणून मिळणारी सुतळी, पिशवी, पोतं, पायपुसणं जवळपास सगळं ज्यूट असतं आणि ते तसंच समजून घ्यावं. धान्य-साखरेची पोती तर १९८७ च्या ज्यूट वेष्टन कायद्याखाली येतात. विहिरीवर किंवा सतत ओल्या जागी वापरायचा दोर हवा असेल तर ज्यूट घेऊ नये.

बियाणं घेताना 'ताग, हिरवळीच्या खताचा, बोरू' असं तिन्ही शब्दांत मागावं आणि पेरणीच्या आठवडाभर आधी उगवण तपासावी. गोणपाटाचा हातभर तुकडा भिजवून पिळून घ्यायचा, त्यावर मोजून १०० बिया ओळींत मांडायच्या, अलगद गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. ८० च्या वर असतील तर एकरी २५ किलो पुरे. ७० असतील तर २८-२९ किलो लागतील. ६० च्या खाली आले तर बी परत करायचं. गुंडाळी उलगडताना दोन्ही झाडं एकत्र हातात येतात, खाली ज्यूटचं तपकिरी विणकाम आणि त्याच्या छिद्रांत मूळ रोवून बसलेले तागाचे पांढरे कोंब.